शिळं पाणी

आमच्या घरात पाणी शिळं होतं. भाकरी शिळी होते, वरण आंबतं, तसं पाणीही. नळ आला की आई आधी कालच्या हंड्यातलं पाणी मोरीत ओतायची, हंडा चिंचेनं घासून लख्ख करायची आणि मगच ‘ताजं’ भरायची. वाघूर धरणातून येणारं ते पाणी धरणात महिनोन्‌महिने साठलेलंच असतं, हे तिला ठाऊक होतं. पण हंड्यात एक रात्र काढली की ते शिळं. जळगावात नळ रोज येत नाही, एक-दोन दिवसांआड येतो. तरीही.

मी त्याच घरात वाढलो आणि धंदाही वडिलांचाच पुढे चालवला, सराफ बाजारात दागिन्यांना उजाळा देण्याचा. रिठ्याचं पाणी, मऊ ब्रश, शेवटी कोरडं फडकं. मळलेली पोत माझ्या हातात आली की पंधरा मिनिटांत बोलायला लागते. तीस वर्षं हेच केल्यावर डोळ्यांना एक सवय लागते. स्वच्छ म्हणजे चकाकणारं, आणि जे चकाकत नाही ते घाण.

हे सगळं आधी सांगतोय, कारण माझ्या घरात एक कासव मेलं आणि ते मी स्वच्छतेपायी मारलं.

२०१५ साली, पाडव्याची गर्दी ओसरल्यावर, सहावीतल्या मुलीच्या हट्टाखातर दोन पिल्लं घेतली. जुन्या रुपयाच्या नाण्याहून जरा मोठी, हिरवीगार, डोळ्यामागे दोन्ही बाजूंना लाल पट्टा. मुलीनं नावं ठेवली, टिकली आणि कुंकू. बरोबर चार लिटरचं काचेचं भांडं, त्यात प्लॅस्टिकचं बेट, बेटावर प्लॅस्टिकचं नारळाचं झाड. दुकानदार म्हणाला, “एवढंच राहतं हे. आणि उत्तरेला ठेवा.” मी उत्तरेला ठेवलं. शंकराच्या देवळात नंदीच्या पुढ्यात दगडी कासव असतंच, मग घरात जिवंत असलं तर काय वाईट, असं बायकोला वर ऐकवलं. दुकानदाराला मी पुढे बरीच वर्षं शिव्या घातल्या. पण खरं सांगायचं तर मी त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता. तोळाभर सोनं घेताना माणूस दहा प्रश्न विचारतो. चाळीस वर्षं जगू शकणारा जीव मी भेंडी घ्यावी तसा घेतला.

या कासवाचं मूळ गाव अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीचं खोरं. इंग्रजीत त्याला रेड-इअर्ड स्लायडर म्हणतात. लाल कानाचं, आणि चाहूल लागली की ओंडक्यावरून पाण्यात घसरणारं. मादी वाढली की पाठ दहा-अकरा इंचांची होते, जेवणाच्या ताटाएवढी. हे मला कधी कळलं? कुंकू सहा इंचांची झाल्यावर.

माझा नेम असा होता. रोज सकाळी पूजेआधी दोन्ही कासवं बादलीत काढायची. भांडं, बेट आणि झाड रिठ्याच्या पाण्यानं घासायचं. मग कासवांच्या पाठीसुद्धा. हो, त्याच मऊ ब्रशनं. पाठीवर पाणी सोडलं की हिरवा रंग असा उठायचा की मीनाकाम वाटावं. मग ताजं पाणी. सकाळच्या उन्हात ते भांडं हिऱ्यासारखं दिसायचं. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी दाखवायचो आणि वर उपदेश करायचो: “काही नाही हो, रोज पाणी बदला, बस. वास नाही, कटकट नाही.” माझ्या सांगण्यावरून ओळखीच्या तीन घरांनी कासवं घेतली. या मनोगतात मला सगळ्यात जड जाणारं वाक्य हेच आहे. त्यांच्याकडे पुन्हा येईनच.

होळीच्या सुमारास टिकलीचे डोळे सुजले. पापण्या फुगून मिटल्या. खाणं सुटलं. तिला दुकानातली सुकी कोळंबी, मुरमुरे आणि कधी भाताची शितं, एवढंच मिळत होतं. पाठ बोटानं दाबली तर सादळलेल्या पापडासारखी दबायची. मी काय केलं असेल? दिवसातून दोनदा धुवायला लागलो. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं, ते प्रामाणिकपणे म्हणाले, “दादा, मी म्हशींचा डॉक्टर. पण हाडं ठिसूळ झालेली दिसतात. ऊन मिळतं का हिला?” मी म्हटलं, मिळतं की, खिडकीत असते. काचेतून उजेड येतो, ऊबही येते. पण हाडांना लागणारं जीवनसत्त्व ड अंगात तयार करणारे जे अतिनील किरण असतात, ते काच अडवते, हे मला माहीत नव्हतं. एक काच खिडकीची आणि दुसरी भांड्याची. टिकलीनं वर्षभर ऊन पाहिलं होतं, अंगावर घेतलं नव्हतं.

मग मे महिन्यातल्या एका सकाळी मी घासलेलं भांडं कासवांसकट गच्चीवर नेऊन ठेवलं. डोक्यात दोन गोष्टी होत्या. डॉक्टरांनी ऊन सांगितलंय, आणि उन्हात भांडं तापलं की उरलेसुरले जंतूही मरतील. दहा मिनिटांत आणू म्हणून खाली आलो, तर दुकानातून माणूस आला, लग्नाचा दागिना, आजच हवाय. पुन्हा वर गेलो तेव्हा साडेअकरा झाले होते. जळगावचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना पुढचं सांगायला नको. पाण्यात बोट घालवेना. कुंकू कशी कोण जाणे बेटावरून काठ चढून बाहेर पडली होती, तुळशीच्या कुंडीमागे सावलीत सापडली. टिकलीचे डोळे सुजून मिटलेले. तिला काठ दिसलाच नसणार.

मुलीला मी सांगितलं, “आजारी होती, गेली.” ते खोटं मी दीड वर्ष तसंच ठेवलं.

त्यातून शहाणपण आलं म्हणावं, तर तेही नाही. कुंकूला वीस लिटरच्या टबात हलवलं आणि दुप्पट जोमानं घासायला लागलो.

त्याच साली डिसेंबरात धुळ्याला गेलो. माझे साडू तिथे राहतात. आम्ही त्यांना नाना म्हणतो, ते मला दादा. माती परीक्षण प्रयोगशाळेत त्यांची उभी हयात गेली. घरी मागे कोणी नव्हतं म्हणून कुंकूला टबासकट बरोबर नेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीप्रमाणे अंगणात बसलो, टब उलटा केला, ब्रश काढला. धुळ्यात नळ कधी कधी आठ-आठ दिवसांनी येतो. डेडरगाव तलाव आहे, नकाणे तलाव आहे, तापीवरून पाणी आणलेलं आहे, तरी ही स्थिती. नाना दारात उभे राहून दोन मिनिटं बघत होते. मग अहिराणीत म्हणाले, “दादा, कासवले अभ्यंगस्नान घाली राह्यनात का? तेबी आठ दिवसना पाणीवर?”

मी हसलो, पण लागलं. कारण नानांच्या पडवीतही एक कासव होतं. शेजारच्यांची बदली झाली, ते जाताना टाकून गेले, ते नानांनी सांभाळलेलं. त्याची टाकी मी आदल्या रात्रीच पाहिली होती आणि मनातल्या मनात नाक मुरडलं होतं. पाच फूट लांब टाकी, पाणी बिनदुधाच्या चहाच्या रंगाचं, तळाशी देशी बदामाची दोन-चार पानं, दगडांवर शेवाळ. वर एक बादली ठेवलेली. खालून छोट्या मोटरनं पाणी तिच्यात चढत होतं आणि स्पंज, सिरॅमिकच्या नळकांड्या, फुटक्या कौलांचे तुकडे यांतून झिरपून परत पडत होतं. स्पंज तपकिरी, बुळबुळीत. “हा कधी धुतलात?” “गणपतीत. टाकीतल्याच पाण्यात, नुसता पिळला.” मी वास घेतला. घाण येईल या खात्रीनंच घेतला होता. वास आला पहिल्या पावसानंतरच्या शेताचा.

संध्याकाळी नानांनी कपाटातून थेंब टाकून पाणी तपासायचं किट काढलं. दोन काचेच्या नळ्या. एकीत त्यांच्या चहाच्या रंगाच्या टाकीतलं पाणी, दुसरीत माझ्या टबातलं, सकाळीच घासून ताजं भरलेलं, आरशासारखं. थेंब टाकले, हलवलं, पाच मिनिटं थांबलो. त्यांची नळी पिवळी राहिली. माझी हिरवी झाली. “पिवळं म्हणजे अमोनिया नाही,” नाना म्हणाले. आणखी काही बोलले नाहीत. समोरच्याची नळी हिरवी झाल्यावर बोलायचं नसतं, हे त्यांना प्रयोगशाळेनं शिकवलं असावं.

रात्री जेवणानंतर मात्र बोलले, आणि शेतकऱ्याला सांगावं तसं सांगितलं. कासवाच्या विष्ठेतून, मूत्रातून, उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया उतरतो. दिसत नाही. आपल्या पठाराच्या काळ्या दगडातलं विहिरी-बोअरचं पाणी जड आणि अल्कधर्मी, वर खानदेशची उष्णता. पाणी जितकं अल्कधर्मी आणि जितकं ऊन, तितका अमोनियाचा जास्त भाग विषारी रूपात राहतो. मासा कल्ल्यांनी श्वास घेतो, तो लवकर मरतो आणि मालकाला कळतं. कासव फुप्फुसानं श्वास घेतं. ते मरत नाही, सोसतं. डोळे चुरचुरतात, कातडी जळते, आणि मालक म्हणतो मस्त आहे. यावर इलाज केळीला युरिया दिल्यावर काळ्या मातीत होतो तोच. मातीतले एक जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात आणि ते झाड उचलतं. विनोग्राद्स्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं १८९०च्या सुमारास हे दाखवून दिलं. टाकीत हेच जिवाणू स्पंजावर, दगडावर, काचेवर वस्ती करतात. ती बुळबुळ म्हणजे तेच.

“आणि तुम्ही रोज सकाळी रिठ्यानं त्यांचा निर्वंश करता,” नाना म्हणाले. “वर रिठा. ज्याच्या फेसानं मासे गुदमरतात, तो.”

मला पटलं का? नाही. नळीतल्या रंगानं मी हरलो होतो, पटलं नव्हतं. तीस वर्षांची नजर एका नळीनं बदलत नाही. निघताना नानांनी त्यांच्या स्पंजाचा वीतभर तुकडा कापून, टाकीतलं थोडं पाणी घालून, डब्यात दिला. झाकण सैल ठेवा म्हणाले, त्यांनाही हवा लागते. बायको हसायला लागली. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरून परतताना तिनं धुळ्याहून एक डबा असाच आणला होता. त्यात विरजण होतं, कारण आमच्या घरच्या दह्याला तार सुटायची.

धुळे ते जळगाव एसटीनं दोन-अडीच तास. पारोळ्याला शेजारी एक आजोबा बसले, डब्याकडे बघून विचारलं, “काय आहे भाऊ?” मी म्हटलं, “विरजण.” त्यांनी मान डोलावली. आणि एरंडोलच्या आसपास, खिडकीबाहेरच्या कपाशीकडे बघताना, मला आजोबांची विहीर आठवली.

चोपड्याकडच्या आमच्या शेतात ती विहीर होती. तिच्यात एक कासव होतं. विहिरीत कासव असलं की पाणी चांगलं राहतं, असं सगळेच म्हणायचे. म्हणून कोणी नदीतून आणून सोडलेलं. त्या पाण्यावर आम्ही वाढलो. ती विहीर कोणी रिठ्यानं घासली नव्हती. कडेनं शेवाळ होतं, वडाची मुळं उतरलेली होती. मग तेच जनावर विहिरीत पाणी राखतं आणि माझ्या टबात विष करतं, हे कसं? हिशेब एसटीतच केला, तिकिटाच्या पाठीवर. वीस फूट व्यासाची विहीर, बारा फूट पाणी. एक लाख लिटरच्या वर. माझा टब वीस लिटरचा. कासव पाणी स्वच्छ करत नव्हतं, करतही नाही. एवढ्या पाण्यात, एवढ्या जुन्या दगडांवर त्याची घाण पचत होती, एवढंच. पाणी शिळं होत नव्हतं, मुरत होतं. नानांच्या नळीनं जे झालं नव्हतं ते इथे झालं.

एक सांगून ठेवतो. विहिरीतलं ते आपल्याकडचं मऊ झडपांचं कासव. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात त्याला वाघाच्या पंगतीला बसवलंय. ते नदीतून उचलणं, पाळणं, विकणं, सगळा गुन्हा आहे. आजोबांच्या वेळी कोणाला त्याची जाण नव्हती. आज कोणी बाजारात देशी कासव किंवा पाठीवर चांदण्या असलेलं तारा कासव ‘शुभ आहे’ म्हणून दाखवलं, तर ते घेणारा आणि विकणारा दोघेही सारखेच अडकतात.

जानेवारीत टाकी केली. ढोबळ नियम असा की पाठीच्या दर इंचामागे चाळीस लिटर पाणी. कुंकू पुढे वाढणार हे धरून पाच फूट बाय दोन बाय दोन, बारा मिलिमीटरची काच. काठोकाठ भरायची नसते, नाहीतर बाई बाहेर येतात. साडेतीनशे लिटर भरतो. म्हणजे साडेतीनशे किलो नुसतं पाणी. ते टीपॉयवर राहत नाही, म्हणून लोखंडी अँगलची घडवंची, तीही तळमजल्यावर. तळाला बारीक खडे घालायचे नाहीत. कासव गिळतं आणि आतडं अडतं. एक तर मोकळा तळ, नाहीतर त्याच्या डोक्यापेक्षा मोठे गोटे. पाणी निदान पाठीच्या लांबीच्या दीडपट खोल हवं. उलटं पडलं तर सरळ होता आलं पाहिजे. उथळ पाण्यात कासव बुडून मरू शकतं, हे मला तोवर कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मग ओटा. ऊन खायला कोरडी जागा लागतेच, नाहीतर पाठ कुजते. कडाप्प्याचा एक तुकडा घरात पडून होता. त्याची खरबरीत बाजू वर करून, चढायला उतार देऊन बसवला. वर एक साधा दिवा, ओट्यावर तीस-बत्तीस अंश भरतील इतक्या उंचीवर, आणि शेजारी अतिनील किरणांची नळी. ती पेटलेली दिसत राहते पण किरण आटतात, म्हणून वर्षाच्या आत बदलावी लागते. खरं तर खानदेशात उन्हाला पैसे मोजणं म्हणजे कमालच. मी सकाळी साडेसातला कुंकूला गॅलरीत मोठ्या टबात अर्धा तास ठेवतो. टबाला वर जाळी, कारण मांजर आणि कावळे. अर्ध्या टबावर फळी, म्हणजे सावली. आणि मी शेजारी बसतो. उठत नाही. फोन वाजला तरी उठत नाही.

हिवाळ्यात उलटी गत. धुळ्याचा पारा कधी पाच-सहा अंशांवर येतो, जळगावातही बोटं आखडतात. पाणी चोवीस ते अठ्ठावीस अंशांच्या आसपास लागतं. काचेचा हीटर कुंकूनं पहिल्याच आठवड्यात ढुशी मारून तडकवला. तेव्हापासून त्याला प्लॅस्टिकची जाळी. मेमध्ये टाकीवर कूलरचा झोत सोडतो. आपली हवा कोरडी, पाणी उडून जाताना दोन-तीन अंश खाली आणतं. विजेच्या वायरी सॉकेटच्या खाली झोळ देऊन मगच वर नेल्या आहेत, म्हणजे ओघळलेला थेंब झोळाशी गळतो, सॉकेटात जात नाही. आणि घरात गळती झाली की वीज तोडणारा स्विच बसवून घेतला. पाणी आणि करंट एकत्र नांदवायचे तर एवढं हवंच.

स्पंजाचा तुकडा नव्या बादलीत घातला. आणि इथे माझी परीक्षा होती. विरजण लागायला रात्र पुरते, याला चार-सहा आठवडे लागतात. दुसऱ्या आठवड्यात पाणी दुधाळ झालं. नाना फोनवर म्हणाले, “हात लावू नका.” मी रोज टाकीपुढे हात मागे बांधून उभा राहायचो. बायको म्हणाली, दारू सोडलेली माणसं अशी उभी राहतात. आणि एका रात्री, सगळे झोपल्यावर, मी स्पंज काढला आणि नळाखाली धुतला. खळखळून, पिवळाधमक होईपर्यंत. छातीत इतकं बरं वाटलं की काय सांगू. दोन दिवसांनी नळी हिरवी. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जंतू मारायलाच असतं. ते आपले-परके बघत नाही. नानांकडून दुसरा तुकडा मागवताना कारण सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

मार्चअखेर नळी पिवळी राहायला लागली. पाणी आपोआप निवळलं. त्याला सोन्याची झळाळी नव्हती, खोल विहिरीसारखं निवळ होतं. तेव्हापासून नेम असा: आठवड्याला चौथाई पाणी बदलायचं, सगळं कधीच नाही. महिन्या-दोन महिन्यांनी स्पंज, काढलेल्या पाण्यातच पिळायचा. काढलेलं पाणी परसातल्या केळीला. त्यात नायट्रेट असतं, केळ हरखते. मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्याला मात्र नाही. कासवाच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जंतू सहज असतात. कासवाला काही होत नाही, पण लहान मुलांना गंभीर जुलाब-ताप होऊ शकतो. अमेरिकेनं तर १९७५मध्ये चार इंचांहून लहान कासवं विकायलाच बंदी घातली, कारण पोरं ती तोंडात घालायची. म्हणून कासवाची बादली, मग, ब्रश वेगळे; काही स्वयंपाकघरात येत नाही; हात साबणानं, कोपरापर्यंत. माझी घासण्याची हौस अशी शेवटी योग्य ठिकाणी लागली.

आणि नवं पाणी कुठलं घालायचं? हे मला नानांनी सर्वांत शेवटी सांगितलं, बहुधा मुद्दामच. नळाचं ताजं कधीच नाही. निदान एक दिवस उघड्या ड्रमात ठेवलेलं, क्लोरीन उडालेलं, खोलीच्या तपमानाला आलेलं. म्हणजे शिळं. घाई असेल तर क्लोरीन मारणारं औषध थेंबानं मिळतं, पण ड्रम बरा.

खाणंही बदललं. कासवांच्या खाद्याच्या गोळ्या, गाजर, लाल भोपळा. पालक नाही, त्यातलं ऑक्झॅलेट चुना अंगी लागू देत नाही. लहानपणी रोज, मोठेपणी दिवसाआड, जळगावच्या नळासारखं. आणि चुन्यासाठी समुद्रफेस. जुने कारागीर ओतकामाला साचा म्हणून वापरायचे तो. दुकानाच्या फळीवर वडिलांच्या वेळचा एक डबा तसाच पडून होता. टिकलीची पाठ पापडासारखी झाली तेव्हाही तो तिथेच होता, माझ्या हातापासून दोन फुटांवर.

कुंकू सात इंचांची झाल्यावर घरात पुन्हा विषय निघाला. आता पुरे, मेहरूण तलावात सोडून देऊ. पुण्यही लागेल. हा माझाच विचार, आणि एका रविवारी मी पिशवी घेऊन तलावाच्या काठापर्यंत गेलोही. मुलगी बरोबर होती, नववीतली. तिनं विचारलं, “हिला इथे कोण ओळखतं?” मी म्हटलं, “म्हणजे?” ती म्हणाली, “इथली कासवं वेगळी आहेत ना.” शाळेच्या प्रकल्पासाठी तिनं वाचलं होतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या यादीत हिचं नाव आहे. युरोपनं १९९७मध्ये आयात बंद केली. पुढे गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यात कोणी कोणी पुण्य म्हणून सोडलेली सापडली. केरळात वनसंशोधन संस्थेला ती कालव्यांतून वेचावी लागली. ऊन खायची जागा, खाणं, सगळं ती देशी कासवांकडून हिसकावून घेते. जपाननं तर पुढे २०२३मध्ये सोडणं आणि विकणं दोन्ही कायद्यानं बंद केलं. मी मिसिसिपीचं कासव मेहरूणमध्ये सोडणार होतो, आणि गिरणा-तापीच्या कासवांनी माझ्या पुण्याचं व्याज भरायचं होतं.

तलावाच्या काठावर, परत फिरताना, मी मुलीला टिकलीचं खरं सांगितलं. ती काही बोलली नाही. घरी आल्यावर तिनं गॅलरीतल्या टबावरची जाळी ओढून नीट बसवली, इतकंच.

ती तीन घरं. टाकी लागल्यावर मी तिन्हीकडे गेलो. एकीकडे कासव केव्हाच मेलं होतं, “तुम्ही सांगितलं तसंच करत होतो हो,” असं त्या बाई साध्या आवाजात म्हणाल्या. दुसऱ्यांनी गिरणेत सोडलं होतं. तिसऱ्या घरी अजून होतं, चकचकीत भांड्यात, डोळे सुजलेलं. ते मी मागून आणलं नाही. त्यांच्याकडेच मोठा टब बसवून दिला, डब्यातून स्पंज नेला. ते जगलं. तिनातलं एक. दागिन्यात इतकी घट झाली तर गिऱ्हाईक दुकानात पुन्हा पाय ठेवत नाही.

आता कोणी पाळण्याबद्दल विचारलं की मी नको म्हणतो. ते म्हणतात, तुमच्याकडे आहे की. मी म्हणतो, म्हणूनच.

कुंकू अकरा वर्षांची होत आली. दोन वर्षांपूर्वी ती अचानक बेचैन झाली, काचेवर नख्या मारत राहायची. मादी नराशिवायही अंडी घालते, आणि जागा मिळाली नाही तर ती पोटात अडकून जिवावर बेततं, हे तोवर वाचून झालं होतं. टबभर ओलसर माती दिली. आधी आपली काळी, ती वाळून दगड झाली, मग वाळू मिसळून. तिथे तिनं मागच्या पायांनी तासभर खड्डा केला आणि पाच पांढरी अंडी ठेवून माती थापटली. मी बघत बसलो होतो. इतकं नीट थापटलेलं मी कारागिराकडूनही पाहिलेलं नाही.

मी छप्पन्न वर्षांचा आहे. ती आणखी वीस वर्षं सहज जगेल. मुलगी पुण्यात दोन खोल्यांत राहते, तिथे पाच फुटांची टाकी मावत नाही. नाना माझ्याहून दोन वर्षांनीच लहान. परवा बायको म्हणाली, घर, दुकान, दागिने यांचं काय ते लिहून ठेवता, हिचं काय लिहिणार? अजून काही लिहिलेलं नाही.

नळ आला की बायको अजूनही आईसारखंच कालचं पाणी ओतून हंडा घासते. ते मी बदलू शकलो नाही, प्रयत्नही केला नाही. फक्त ते पाणी आता मोरीत जात नाही. आवाज देते, “शिळं आहे, नेता का?” आणि मी ते कुंकूच्या ड्रमात ओततो.